दोघीबी सपाटच

ये गं, अशी जवळ सरक. मघापासून त्या मोबाईलमधी पायडलांचे फोटो बघायलीस, आन काकू समोर बसलीय तर तिला विचारावं वाटंना तुला? काकूला काय कळतंय सायकलीतलं, असंच ना? अगं, तू फ्रॉक घालून फिरत होतीस तवा मी गिअरची सायकल घेऊन टेकडी चढलेली बाई हाय. ठेव तो फोन.

डोंगरात सायकल चालवायचीय आन पायडल कोणतं घ्यावं, ते तुला ठरंना. एक सपाट आन रुंद, वर बारीक खिळे. साधा बूट ठेवायचा, वाटलं की उचलायचा. दुसऱ्याचा बूटच वेगळा, तळव्याला पट्टी असलेला. दाबला की खट्कन बसतो आन टाच बाहेर वळवल्याबिगर सुटत न्हाई. चढाला जोर मिळतो, दगडाधोंड्यावर पाय उडत न्हाई, म्हणतात. हाव, खरं हाय ते. पण माझं ऐक आधी.

पोराला क्लाससाठी लातूरला नेलं तेव्हाची गोष्ट. तुझे काका नोकरीपायी नांदेडलाच राहिले. इमारतभर सगळ्या माझ्यासारख्याच, घरदार सोडून लेकरांमागं आलेल्या आया. डबा भरून दिला, पोरं क्लासला गेली, की दिवस खायला उठायचा. शेजारच्या खोलीत मुदखेडची एक होती, लेकीसाठी आलेली. लई गोड बोलायची. एक दिवस म्हणाली, "पोरांच्या सायकली नुसत्या धूळ खायल्यात. चल, आपणच चालवू." लाज सोडून निघालो. आधी औशाच्या रोडनं, मग मुरमाच्या पायवाटांनी. पुढं सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक घोळकाच भेटला. डॉक्टर, मास्तर, बँकेतले. त्यांच्यात बऱ्याच जणांना ते अडकवायचे बूट.

हिनं कुणाचे तरी जुने बूट आन पायडल मागून आणले. व्हरांड्यात भिंत धरून मला सायकलीवर बसवलं. पाय खट्कन बसला. काढायला गेले, तर निघंना. मी अशी ओरडले की खालून घरमालक धावत वर आले.

मग तिला सांगितलं. भूकंपात आमचं घर बसलं तवा माझं लग्न व्हायचं होतं. पायावर तुळई पडली. ऊन चढेपर्यंत पाय सुटला न्हाई. आधी शेजारून हाका येत होत्या, मग त्या यायच्या थांबल्या. लग्न जमताना मामानं बजावलं, हे सासरी बोलायचं न्हाई, पोरगी अधू म्हणतील. तुझ्या काकांनाबी पाय मोडला होता एवढंच ठाऊक. पोराला मात्र मला सांगायचं होतं. परीक्षा होऊ दे, मग निवांत बसून, माझ्या तोंडानं. तेवढी एकच गोष्ट मी त्याच्यासाठी जपून ठेवली होती.

ती रडली. माझा हात धरून म्हणाली, "माझ्या लेकीची शपथ, कुणाला बोलणार न्हाई. आन ते बूट गेले खड्ड्यात. दोघीबी सपाटच."

पावसाळ्यात घोळक्यानं चाकूरकडच्या एका बेटावर जायचं ठरवलं. आपल्याकडं टेकडीला बेट म्हणतात, तसलं. त्या दिवसांत ही सकाळी यायचं टाळायची. आज अंग दुखतंय, आज लेकीचा पेपर हाय. मी खुशाल एकटीच जायची. बेटाच्या पायथ्याला सगळे टेंपोतून उतरलो, तर हिच्या बुटांचा टकटक आवाज.

"अगं, हे कवा घेतलंस?"

"कालच की. तुला सांगणारच होते, बाई."

पण ज्या सफाईनं तिनं पाय बसवला, ती काल घेतलेल्या बुटाची नव्हती.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर जवळ आला. "काकू, तुम्ही इथं टेंपोजवळच थांबा. ताईंनी सांगितलंय आम्हाला, भूकंपात तुमचा पाय दबलेला. उगी बळंच नको." ती झाली ताई, आन मी काकू. आसपासचे एकदम हळू आवाजात बोलायला लागले. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. मी हिच्याकडं बघितलं. ती हेल्मेटचा पट्टा नीट करण्यात गुंग.

"थांबते कशाला? चला की," म्हणाले आन निघाले.

खाली काळी माती, वर दगड. चिखल तिच्या बुटाच्या पट्टीत गच्च बसला. एका वळणावर सायकल थांबली आन ती आडवी झाली. सायकल अंगावर, पाय पायडलातच. बाकीचे पुढं गेलेले. मागून मी आले. "काढ गं, काढ!" मी खाली बसले, तिची टाच धरली. वळवली, तवा सुटला पाय.

तिचं पहिलं बोलणं काय, सांगू? "मी पडले म्हणून कुणाला सांगू नको हं."

"न्हाई सांगत," म्हणाले. पाठीवरचा चिखलबी झटकून दिला. मी धापा टाकत वर पोचले, तर ही सगळ्यांना सांगायली होती, "काकूसाठी थांबले होते, म्हणून उशीर झाला."

तेबी गिळलं मी. पण त्या घोळक्यातल्या एकाचा पोरगा माझ्या पोराच्याच वर्गात. संध्याकाळी पोरगा आला, दप्तरबी खाली ठेवलं न्हाई. "आई, तुझा पाय दबला होता? अख्ख्या गावाला माहीत, फक्त मला न्हाई." मग सांगितलं त्याला सगळं. पण दहा तोंडांतून फिरून आलेलं, उष्टंच झालं होतं ते. त्यानं मान हलवली आन पुस्तक उघडून बसला.

ती नंतर म्हणाली, "तुला कुणी घाई करू नये म्हणून सांगितलं, तुझ्या भल्यासाठीच." असंलबी. चहा दिला तिला मी. पण जोडीनं सायकल परत काढली न्हाई. ती पडल्याचं आज तुलाच पहिल्यांदा सांगितलं, आन तिचं नाव मात्र विचारू नको.

माझ्यापायी सपाट घेऊ नको, पोरी. अंगणात भिंत धरून दोन्ही बघ, चार दिवस चालव, मग तुझा पाय काय म्हणतोय ते ऐक. चल ऊठ आता, लातूरची गाडी चुकंल. आन दिवाळीची वाट बघत बसू नको, लवकर ये. लई गोष्टी सांगायच्या राहिल्यात. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जायच्या आत ये.