‘सलग’ हा शब्द मी घातला होता

सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून अमरावतीचे मूत्ररोगतज्ज्ञ म्हणाले, "मूत्राशयात गाठ आहे. दुर्बिणीने काढू. दोन आठवड्यांच्या आत."

मी नऊ आठवड्यांनी येतो म्हणालो. त्यांनी कारण विचारले. घरगुती अडचण आहे, एवढेच सांगून मी बडनेऱ्याला परतलो.

पहिले लक्षण त्याच्या महिनाभर आधी दिसले होते. लघवी काळ्या चहासारखी झाली, दोन दिवसांनी लाल. दुखत काहीच नव्हते. डॉक्टर याला पेनलेस हिमॅच्युरिया म्हणतात, म्हणजे वेदनेशिवाय लघवीतून रक्त जाणे. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो. हे वाचणाऱ्याने थांबू नये.

मी थांबलो त्याचे कारण वेगळे होते. माझी मुलगी प्राची इंग्लंडमध्ये शिकते आणि तिथल्या वृद्धाश्रमात आठवड्याला वीस तास काम करते. म्हाताऱ्यांना उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे. व्हिसासोबत तिने इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे आगाऊ शुल्क भरले होते. देखभालीचे काम करणाऱ्यांना सहा महिने काम झाल्यावर ते परत मागता येते. तिचा पुढचा व्हिसा त्याच पैशांवर अवलंबून होता, आणि सहा महिने पुरे व्हायला नऊ आठवडे बाकी होते.

या नियमाचे मराठी भाषांतर मीच करून ठेवले होते. निवृत्तीपर्यंत वृत्तपत्राच्या डेस्कवर बातम्यांचे भाषांतर आणि दुरुस्ती करायचो. माझ्या कागदावर ‘सलग सहा महिने काम केलेले असावे’ असे होते. आजार कळला तर ती सुट्टी टाकून येणार आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, हा माझा हिशेब. पत्नी सुमनला मी गप्प राहायला सांगितले.

सुमन अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याची; घरातली वऱ्हाडी तिच्याकडून आलेली. पाच आठवडे ती गप्प राहिली. मग एका संध्याकाळी फोनवर तिने प्राचीला सहज विचारावे तसे विचारले, की तिकडच्या म्हाताऱ्यांना लघवीतून रक्त गेले तर तुम्ही काय करता.

"आई, इथले म्हातारे राहू दे. घरात कोणाले रक्त जाऊन राहिलं?"

सुमनने फोन माझ्या हातात दिला. मी आजार सांगितला आणि नियमही. प्राचीने मूळ नियम उघडून मला वाचून दाखवला. सहा महिन्यांत आठवड्याला सरासरी सोळा तास. तिचे बावीस आठवडे झाले होते, म्हणजे चारशे चाळीस तास. सहा महिन्यांच्या सव्वीस आठवड्यांना मिळून लागत होते चारशे सोळा.

"बाबा, याच्यात सलग कुठी आहे?"

नव्हते. वाक्य घट्ट बसावे म्हणून तो शब्द मी घातला होता. डेस्कवर अशी सवय लागते.

"लोकायच्या चुका काढण्यात जिंदगी गेली यायची," सुमन मागून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात टीयूआरबीटी झाली. यात मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. बाहेर टाके नसतात. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. कॅन्सर होता, स्नायूच्या थरात शिरलेला नव्हता. मी घालवलेल्या आठवड्यांनी काही बिघडले का, असे डॉक्टरांना विचारले.

"ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही उगाळत बसू नका. यापुढे तारीख चुकवू नका."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी प्राची आली होती. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तीन दिवस होती. पहिल्या सकाळी प्राची हातमोजे घालून खाटेजवळ आली आणि थांबली.

"बाबा, पिशवी रिकामी करू का?"

मी म्हणालो, विचारते काय. तिने सांगितले की तिकडे अंगाला किंवा नळीला हात लावण्याआधी दर वेळी विचारावेच लागते, माणूस बोलू शकत नसला तरी. मग ती उत्तरासाठी तशीच उभी राहिली. मी हो म्हणालो. तिच्या वतीने पाच आठवडे निर्णय घेताना मी तिला एकदाही विचारले नव्हते.

तीन आठवड्यांनी ती परत गेली. सहा महिने पुरे झाल्यावर तिने अर्ज केला, पैसे परत मिळाले. मला आता दर तीन महिन्यांनी सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी करावी लागते. तारीख मिळते त्याच दिवशी प्राचीला कळवतो. यायचे की नाही, ते ती ठरवते.