जिन्याची ओळ

शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या बाईंना मुलं पाठीमागे ‘खोडरबर’ म्हणत. पुस्तकांत कुणी पेन्सिलीने गिरगटलेलं त्या एकेक पान धरून खोडत बसायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी तेच काम इंटरनेटवरच्या विश्वकोशात धरलं. तिथे कुणीही लिहावं, कुणीही बदलावं अशी रीत. शाळांची चारशेएक पानं त्यांच्या नजरेखाली होती. कुणी गणिताच्या सरांना गाढव करून ठेवी, कुणी आपलीच शाळा जगात पहिली ठरवी. सकाळचा चहा निवायच्या आत बाई सगळं पुसून मोकळ्या.

त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या पानावर एक ओळ होती: मागच्या जिन्याचा कठडा तुटून सातवीतल्या एका मुलीचा मृत्यू झाला. कठडा हलतोय, हे बाईंनी अपघाताआधी दोनदा शाळेत तोंडी सांगितलं होतं. लेखी दिलं नव्हतं.

शाळेला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी ती ओळ नाहीशी होऊ लागली. बाई परत घालत, कुणीतरी परत काढी. शेवटी काढणाऱ्याने नियमावर बोट ठेवलं: पुरावा काय? बातमीची लिंक कधीच बंद पडली होती. आणि हा नियम बाईंनीच शेकडो जणांना ऐकवलेला.

सून त्याच शाळेत शिकवायची, वर्षावर्षाच्या करारावर. जेवताना ती म्हणाली, “आई, मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. तिथे तुम्ही लिहिता हे त्यांना कळलंय.”

“काय म्हणाल्या?”

“तुमची तब्येत विचारली फक्त.” तिने ताटातलं चिवडलं. “जाऊ द्या ना, आई. ती पोरगी काय परत येणार आहे?”

बाईंनी तिला आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी त्या सार्वजनिक वाचनालयात गेल्या. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चार दिवस उपसले. पाचव्या दिवशी आतल्या पानावर, अगदी तळाला, तीन ओळींची बातमी सापडली. तारीख आणि पान क्रमांक देऊन त्यांनी ओळ परत लावली, आणि विश्वकोशावर देखरेख करणाऱ्यांना विनंती करून, कुणाला ती काढता येऊ नये म्हणून, पानाला कुलूप घालून घेतलं.

उन्हाळ्यात सुनेचा करार वाढवला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, घरात कुणी विचारलंही नाही. मुलगा एकदाच म्हणाला, “तुझं खरं होतं गं. पण आधी आम्हाला विचारायचंस तरी.”

बाईंना ते पटलं. विचारलं असतं, तर त्या थांबल्या असत्या.

सून आता लांबच्या शाळेत जाते, दोन बस बदलून. डबा बाई भरून देतात. ती घेते, “येते” म्हणते, आणि मान वर न करता चपला घालते.