करिश्माच्या पायाखालचा बेस

दुकानदाराकडे गिऱ्हाइकांचे किस्से असतात, मास्तरांकडे पोरांचे. आमच्या धंद्यात किस्से साठतात ते एकाच कारणानं: आम्ही नक्की काय करतो ते कुणालाच कळत नाही! माझी आई अजून शेजारणींना सांगते, "ती कॉम्प्युटर दुरुस्त करते." मी समजावणं सोडून दिलंय.

करते ते एवढंच. इलेक्ट्रॉनिक गाण्यांसाठी बेसचे आवाज बनवते. गाण्याच्या तळाशी असतो ना, कानापेक्षा छातीत जास्त वाजणारा, तो जाड आवाज. सिंथेसायझरवर एक कच्चा भुणभुणणारा सूर घ्यायचा आणि त्याला कापत, दाबत, घासत बसायचं. नरपडला एका चिकूच्या वाडीत, जिथे पूर्वी पेट्या रचायचे त्या खोलीत आमचा स्टुडिओ आहे. सोबत विलास, तालाचं काम बघणारा. तलासरीच्या पुढच्या पाड्यावरून रोज बाइकनं येतो. आणि तिसरे नीरुभाई. हायवेजवळ राहतात, त्यांची स्वतःची साउंड सिस्टिम आहे. लग्न असो, गरबा असो, स्पीकरचे डबे त्यांचेच.

*

पहिल्यांदा मी नीरुभाईंना बेस पाठवला तेव्हा तीन आठवडे खपले होते. दहा मिनिटांत फोन. "बेन, गाणं सरस छे. पण बेस क्यां छे?"

मी फाइल उघडली, बेस जागेवर. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच, "बेस क्यां छे?" मी रडकुंडीला आले. शेवटी विलासनं विचारलं, "भाई, ऐकताय कशावर?"

"फोन पर. हायवे पे उभा आहे, धाब्यावर."

फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो खोल आवाज निघतच नाही, हे मला ठाऊक होतं. पण सगळं जग फोनवरच ऐकतं, हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक बेसवर थोडी खरखर चढवते, म्हणजे धाब्यावरही तो सापडतो.

*

वाडीच्या मालकीणबाई, आमच्या काकू, भिंतीपलीकडे राहतात. एकदा एका बेसमध्ये बारीक किणकिण यायला लागली. दोन दिवस मी सिंथेसायझरमध्ये ती शोधत होते. एक-एक भाग बंद केला, सगळा आवाज पहिल्यापासून बांधला, तरी किणकिण आहेच. विलासशी भांडण झालं, जेवण गेलं.

तिसऱ्या दिवशी काकू दारात. "अगं, तुझं काम संपलं की सांग. मला मांडणीवर ताटं लावायची आहेत. दोन दिवस नुसती नाचतायत!"

हसावं की रडावं कळेना. काकूंची मांडणी मात्र तेव्हापासून आमचं मीटर झाली. काकू भिंतीपलीकडून ओरडून सांगतात, "आज कमी आहे गं, फक्त वाट्या हलल्या!"

*

करिश्मा ही विलासची मुलगी, नऊ वर्षांची. दोन वर्षांची असताना ताप आला, त्यात ऐकू येणं गेलं. एका शनिवारी घरी कुणी नव्हतं म्हणून तो तिला स्टुडिओत घेऊन आला. मी काम करत होते, ती एका पालथ्या चिकूच्या पेटीवर बसली होती.

थोड्या वेळानं बघते तर पोरीच्या टाचा हलतायत. बेसच्या बरोबर! मी आवाज थांबवला, टाचा थांबल्या. लावला, हलल्या. मी विलासकडे बघितलं. त्यानं मान फिरवली आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत राहिला.

मग त्यानं सांगितलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात बारा मुलींचा नाच होता. करिश्माला नाचायचंच होतं. पण ती शेजारणीकडे बघून नाचायची, त्यामुळे प्रत्येक वेळी एक ठोका मागे. नाच बसवणाऱ्या मॅडमनी विलासला बोलावून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका. रंगीत तालमीत चुकली तर तिच्या हातात शाळेचा फलक देऊ. कडेला उभी राहील, फोटोतही येईल."

मला इतका राग आला की मी तेव्हाच ठरवलं, ही नाचणारच. फोटोत येईल म्हणे!

*

नाचाचं गाणं विलासनंच केलं होतं, त्याच्या काकांनी वाजवलेला तारपा, ते भोपळ्याचं लांबलचक फुंकवाद्य, आणि खाली ताल. बेस माझा. मी माझ्या ठेवणीतला काढला: खोल, लांब, मऊ. लोक त्यासाठी माझ्याकडे येतात. करिश्मानं पेटीवर पाय ठेवले, डोळे मिटले आणि मान हलवली. नाही.

दुसरा. नाही. पाचवा. नाही. सातव्याला तिनं जांभई दिली! मी विलासवर खेकसले, "तिला विचार ना, काय पाहिजे?"

बापलेकींची हातवाऱ्यांत बरीच चर्चा झाली. विलास म्हणाला, "ताई, ती म्हनते पानी वाहते तसा लागते. कुठं पाय टाकायचा ता कलत नाय."

बरोबर होतं. माझा बेस सुरू कुठे होतो तेच कळत नव्हतं. मग मी तो आखूड केला. सुरुवातीला कडक ठोका, तिथून सूर झर्रकन खाली, आणि पुढच्या ठोक्याआधी पूर्ण शांतता. ऐकायला रुक्ष, माझ्या नावाला शोभणारा नाही. करिश्मानं मात्र उठून दोन्ही पाय आपटले. नीरुभाई दारात उभे राहून हे बघत होते. म्हणाले, "बेन, आपला इतक्या वरसचा धंदा, आणि पास करणारी ही!"

*

शाळेचा मंच सिमेंटचा. सिमेंटमधून काय डोंबल कळणार! काकूंनी चिकूच्या चाळीस पेट्या दिल्या. त्या मंचावर पालथ्या घातल्या, वर प्लायवुड ठोकलं. मुख्याध्यापकांना बारा मुलींच्या वजनाची भीती. "एक जरी पाय आत गेला तर जबाबदार कोण?"

मग सरांनी चपला काढल्या, वर चढले आणि मंचाच्या मधोमध उडी मारली. प्लायवुड कुरकुरलं. सरांनी आमच्याकडे बघितलं आणि आणखी एक मारली. खाली उतरून म्हणाले, "माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. चालेल."

रंगीत तालमीला नीरुभाईंनी एक डबा आणला होता. करिश्मा एकदाही चुकली नाही. मॅडम फलक उचलून ऑफिसात ठेवून आल्या आणि करिश्माला पुढच्या रांगेत, बरोबर मध्ये उभं केलं.

*

संमेलनाच्या दिवशी सकाळी नीरुभाई दोन डबे घेऊन आले. "मोटा प्रोग्राम, एक डबा शोभे नही." एक मंचाच्या डावीकडे, एक उजवीकडे. मी दोन्हींजवळ जाऊन उभी राहिले, हात ठेवला, दोन्ही दणकून चालत होते. आमचं टेबल उजव्या डब्याजवळ बदामाच्या सावलीत होतं. मैदान पालकांनी भरलेलं, दुपारचं ऊन, आणि विलासनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

मुली आल्या. गाणं सुरू झालं. अकरा मुली नाचायला लागल्या.

करिश्मा उभीच.

माझ्या पायाखाली बेस वाजतोय आणि ती आपल्या पायांकडे बघत उभी आहे! पालकांत कुजबुज सुरू झाली. विंगेतून मॅडम हात उडवतायत. "घाबरली का ती?" विलास म्हणाला.

ती घाबरणारी नव्हती. मी उठले आणि मंचासमोर, अगदी तिच्या समोर मधोमध धावत गेले. तिथे पोचले आणि बेस गेला. तारपा होता, ताल होता, बेस नाही. दोन पावलं बाजूला सरकले, परत आला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एका डब्याची वायर उलटी जोडली गेली होती. एक डबा हवा पुढे ढकलत होता, दुसरा त्याच वेळी मागे ओढत होता. कडेला काहीच कळत नाही, पण बरोबर मध्यावर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. एवढ्या मैदानात ते कळलेली एकच पोर होती, आणि तिला आम्ही मानाची जागा म्हणून नेमकं तिथेच उभं केलं होतं. आम्ही दोन्ही डबे जवळ जाऊन तपासले, मध्ये कुणीच उभं राहिलं नाही! मला माझीच लाज वाटली.

वायर फिरवायची तर गाणं बंद करावं लागणार. मी विलासला हातानं खूण केली, बंद कर. त्याचा हात बटणावर गेला आणि थांबला.

करिश्मा रांग सोडून चालायला लागली होती. डावीकडे, एक-एक पाऊल, प्लायवुड तळव्यानं चाचपत. मंचाच्या पार कडेला जाऊन थांबली. एक ठोका जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला. तिसऱ्याला तिचा पाय पडला, चोख.

इकडे रांगेचं खोबरं झालं. मध्ये भगदाड. शेजारची मुलगी नाचता नाचता थांबली, तिच्यामागची तिच्यावर आपटली. तारपा वाजतोय, अकरा मुली गोंधळून विंगेत मॅडमकडे बघतायत. आणि मॅडम पदर खोचून मंचाच्या कडेकडे धावल्या, जिथे करिश्मा एकटी नाचत होती.

आता हिला हाताला धरून खाली उतरवणार, असं वाटून मी पायऱ्यांकडे पळाले.

मॅडम करिश्मापासून हातभर अंतरावर थांबल्या. तिच्या पायांकडे बघितलं. मग त्या अकरा जणींकडे वळून जीव खाऊन ओरडल्या, "अगं, माझ्याकडे काय बघताय? तिच्याकडे बघा!"