शनिवारच्या किल्ल्या

जयगडच्या खाडीकाठी आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, आणि शिक्षक दोनच: लातूरकडच्या मुख्याध्यापिका आणि मी. दर शनिवारी सकाळी त्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवायच्या. "आज शाळा तुमची," म्हणायच्या आणि पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसायच्या. मग खिचडीच्या तांदळापासून वरिष्ठांच्या फोनपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. परिपाठ चौथीच्या मुली घ्यायच्या. काही अडलं म्हणून विचारायला गेले, की "मी आज पहिलीत आहे," एवढंच उत्तर. मी घरी येऊन फणफणायचे. पद त्यांचं आणि डोकेदुखी माझी.

सरकारी शाळेला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही भांडते. भिंती रंगवून शाळा चांगली होत नाही, आणि दराऱ्याने तर मुळीच नाही. मुख्याध्यापक कसा आहे हे तो रजेवर असताना शाळेत जाऊन पाहावं, असं माझं मत आहे. ते मला आमच्या मुख्याध्यापिकांकडूनच मिळालं, पण पटायला त्यांची बदली व्हावी लागली.

गावी त्यांचे सासू-सासरे थकलेले. कित्येक वर्षं त्या बदलीची वाट पाहत होत्या. ऑर्डर आली, पण त्यांच्या जागी कुणीच मिळालं नाही. पालक सभेला जमले. इंग्रजी शाळेची पिवळी बस हल्ली तिठ्यापर्यंत येते. मासे विकणाऱ्या एका आईने सरळच सांगितलं, "बाई, तुमी गेलात तर पोरांना त्या बसात घालनार आमी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आधीच पट इतका कमी, की चार घरं गेली असती तरी शाळेला टाळं लागलं असतं.

मुख्याध्यापिकांनी भाषण केलं नाही. "सोमवारी येऊन दिवसभर बसा, मग ठरवा," एवढंच म्हणाल्या. शनिवारी त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या, त्या या वेळी परत घेतल्या नाहीत.

सोमवारी ती आई माशांचा लिलाव आटपून आली आणि डोक्यावरची रिकामी पाटी भिंतीशी टेकवून व्हरांड्यात बसली. मुलींनी परिपाठ सुरू केला. चौथीने पहिलीला वाचायला बसवलं, मी उरलेल्या दोन वर्गांत ये-जा करत राहिले. खिचडी वेळेवर शिजली. मला तर शनिवारच वाटत होता. शाळा सुटल्यावर तिने पाटी उचलली.

"बाई गेल्यात असा वाटलाच नाय," ती म्हणाली. "पोरां इथंच बरी."

आनंद झाला आणि रागही आला. ज्यांनी एवढं केलं, त्यांची उणीवसुद्धा भासू नये? संध्याकाळी फोन करून ते वाक्य मी त्यांना जसंच्या तसं ऐकवलं.

"थोडंसं तरी वाटायला हवं होतं हो," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.