रावण चोरीला गेला तेव्हा

ती घटना आठवली, की आजही कुणाच्या स्वयंपाकघरात शिरताना माझी नजर आधी वर, आढ्याकडे जाते. घरच्यांना वाटतं, साहेब जळमटं बघतात. सुना बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या होतात. मी जळमटं बघत नसतो. मी रावण शोधत असतो.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. फौजदार म्हणून माझी बदली श्रीगोंद्याकडून अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात झाली. जिल्हा तोच, नगर. पण तिकडे श्रीगोंद्यात, काष्टीकडे, पाऊस आला की लोक घराबाहेर येऊन बघत. इथे पाऊस थांबला की बाहेर येऊन बघत.

ते गाव घाटमाथ्याच्या दाट रानात होतं. जीप बाजारगावात सोडायची आणि पुढे चालत सुटायचं. झाडी अशी, की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. जळवा मोज्यात शिरून बसायच्या. वाटेत एक ओढा. तो चढला की गाव तुटलं. म्हणून मृगाच्या आधीच मीठ, रॉकेल, वाळलेलं सरपण घरात भरायचं आणि माणसं, गुरं, कोंबड्या अशा सगळ्यांनी मिळून कारवीच्या कुडाच्या एकाच घरात पावसाळा काढायचा. बुरशी कशावर येत नाही ते विचारा. माझ्या टोपीवर आली, पट्ट्यावर आली. माझा हवालदार म्हणाला, "साहेब, आपण जरा हालचाल करत राहू. बसून राहिलो तर आपल्यावरबी येईल."

तक्रार दिली होती तिथल्या शाळामास्तरांनी. ते काष्टीकडचे, नवीन नेमणुकीवर आलेले. चैत्रात त्यांनी गावचा बोहाडा पाहिला होता. बोहाड्यात माणसं देवादैत्यांचे लाकडी मुखवटे चढवून नाचतात. त्या मुखवट्यांना सोंगं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सोंगं. मास्तर उन्हाळी सुट्टी संपवून परत आले, तर देवळातली फळी रिकामी! गणपती नाही, नरसिंह नाही, रावण तर नाहीच. भला माणूस पावसात भिजत ठाण्यात आला आणि लेखी अर्ज देऊन गेला.

पाठोपाठ खबरही लागली. बाजारगावातला चहावाला आमचा जुना खबरी. तो म्हणाला, "नगरहून जुनंपानं घेनारा एक व्यापारी आल्ता. सोंगांची किंमत इचारत हुता. त्या गावच्या एका म्हाताऱ्यासंगं लई येळ बोलला." म्हातारा कोण तेही त्याने सांगितलं. नाव मी इथे घेत नाही. त्याला आपण कारभारी म्हणू.

व्यापारी सापडला, म्हातारा सापडला, प्रकरण फुटलं अशा थाटात मी हवालदाराला घेऊन निघालो. शाळेच्या ओसरीवर कारभाऱ्याला बोलावलं. डोक्यावर पानांचं इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. आवणी चालू होती, म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावण्याचं काम. ते त्या आठवड्यात झालं तर वर्षाचं पोट, नाहीतर काही नाही.

"सोंगं कुठं आहेत, ठाऊक आहे?"

"व्हय."

मी सरसावून बसलो. "कुठं?"

"ठावं न्हाई असं म्हनत न्हाई, सायेब. सांगत न्हाई, असं म्हनतो."

नोकरीत मी नाही म्हणणारे ढिगाने पाहिले. रडणारे, शपथा घेणारे, चक्कर येऊन पडणारे. हा प्रकार नवीन होता.

"व्यापाऱ्याला विकली?"

"न्हाई."

"मग बोल ना! नाहीतर ठाण्यात न्यावं लागेल. आवणी राहील तुझी."

त्याने खाचराकडे पाहिलं. म्हणाला, "ऱ्हाईल. काय करनार."

गावकऱ्यांचे जबाब घ्यायला बसलो. जो येई तो म्हणे, "त्यांलाच इचारा." आणि इथे मला पहिली शंका आली. देव चोरीला गेलेलं गाव मी पाहिलेलं होतं. बायका रडतात, माणसं शिव्या देतात, प्रत्येकाचा कुणावर तरी संशय असतो. इथे कुणालाच दुःख नव्हतं. दुःख एकट्या मास्तरांना.

कारभाऱ्याला घेऊन निघालो तर ओढा चढलेला. आली का पंचाईत! गावात उतरायला जागा कुणाकडे? कारभाऱ्याकडेच. आरोपीच्या घरी पोलीस नाचणीची भाकरी खात बसले. ओढा उतरेपर्यंत त्याला खाचरात जायची मुभा दिली आणि पहाऱ्याला हवालदार ठेवला. थोड्या वेळाने बघतो तर हवालदारही विजार वर खोचून रोपं लावतोय!

"पहारा चालूच हाय, साहेब," तो ओरडला. "जवळून करतोय."

मी घरात आलो. कारभाऱ्याची म्हातारी चुलीपाशी बसली होती. आल्यापासून तिने अवाक्षर काढलं नव्हतं. चुलीच्या वर कामट्यांचा माळा, त्यावर बियाण्याच्या मोटळ्या, मक्याची कणसं. सगळं धुराने काळंभोर. तिथे धूर लागला की ना कीड लागते, ना बुरशी. मीही शहाणपणा केला. ओले बूट काढले, बंद एकमेकांना बांधले आणि माळ्याला टांगायला हात वर केला.

"तिथं नगं!"

म्हातारी विजेसारखी उठली होती. माझ्या हातातून बूट काढून घेतले आणि कोपऱ्यात, शेळीपाशी नेऊन ठेवले.

"का गं, आजी?"

मी सावकाश वर पाहिलं. कणसांच्या मागून एक डोळा माझ्याकडे बघत होता. मग दुसरा. मग खाली मिशी. काजळी धरलेला रावण, त्याच्या कुशीला गणपती, पलीकडे नरसिंहाचे दात. आख्खा दरबार ओळीने आडवा झोपला होता, आणि फौजदाराचे बूट त्यांच्या नाकाखाली लोंबकळता लोंबकळता राहिले होते.

तेवढ्यात कारभारी आणि हवालदार खाचरातून दारात आले. माझी नजर पाहून कारभाऱ्याने डोक्यावरचं इरलं उतरवलं.

"सायेब, ती निजल्यात. पावसाळ्याच्या तोंडाला दर साली एका घराची पाळी असती. कुठं निजल्यात ते तोंडानं बोलायचं न्हाई. बोललं की जागी हुतात. जागी झाली की नाच मागतात. आखाडात गाव नाचाया लागलं तर भात कोन लावंल?"

"आणि तो व्यापारी?"

"त्योबी हेच इचारत हुता, कुठं हाईत. त्याला न्हाई सांगितलं म्हनून तर घरात ऱ्हायली. मग तुमाला कसं सांगू?"

हवालदाराने पंचनाम्याचा कागद काढला होता. मी त्याला हातानेच थांबवलं. पंचनामा केला तर सोंगं मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या गळक्या खोलीत जाणार, वर्षभर तिथेच कुजणार आणि कारभारी हेलपाटे घालणार. कागद कोरा ठेवला तर मास्तरांचा अर्ज तसाच उभा. आणि खरं काय ते तोंडाने तर कुणीच बोलायचं नाही.

मी मास्तरांना तिथेच चहाला बोलावलं. चुलीपाशी बसवलं. म्हटलं, "छत्री ओली आहे, मास्तर. द्या टांगून वर."

"तिथं नगं!" म्हातारी गरजली.

मास्तर दचकून वर बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चहा संपवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "साहेब, माझा अर्ज गैरसमजातून झाला होता. तसा जबाब लिहून देतो." शेवटपर्यंत कुणी सोंग हा शब्द उच्चारला नाही. चौकशी निकाली निघाली. ओढा उतरेपर्यंत आवणीही उरकली.

चौकशीला बसलेला माणूस गप्प आहे, म्हणजे काहीतरी लपवतो आहे, असं आम्हाला शिकवलेलं. ते खरंच आहे. पण माणूस चोरलेलं लपवतो तसंच सांभाळायला दिलेलंही लपवतो; बाहेरून दोन्ही वेळचं गप्प बसणं सारखंच दिसतं. पुढच्या सगळ्या नोकरीत, कुणी गप्प बसला की त्याच्यावर ओरडण्याआधी मी भोवतालची माणसं बघायचो. त्याच्या गप्प बसण्याची त्यांना भीती वाटते की आधार, ते बघायचो.

पुढच्या चैत्रात बोहाड्याच्या बंदोबस्ताला मी मुद्दाम स्वतः गेलो. संबळ कडाडला. रावण नाचत नाचत थेट माझ्या खुर्चीपुढे आला, थबकला, वाकला. धुराचा ओळखीचा वास आला. मुखवट्याच्या आतून हळूच आवाज आला,

"सायेब, बूट वाळलं का?"