रोहीच्या ठाण्यावरची विहीर

माझी सासू गयाबाई हट्टी होती, हे आधीच सांगून टाकते. लोक तिला देवभोळी म्हणत, ते खोटं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही साकोलीकडून इथं आलो. नवरा बाबुलाल अवजड सामान चढवणारा खलाशी म्हणून लागला, सासू इतर मजूर बायांसारखी रेजा म्हणून माती वाहू लागली आणि मी घरचं पाणी भरू लागले. मजुरांच्या छावणीतल्या झोपड्यांजवळ पाणी नव्हतं. उतई गावाच्या वाटेवरच्या तळ्यातून हंडे आणायचे. त्याच वाटेवर माझं पहिलं मूल पोटातच गेलं. सासू रडली नाही. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा म्हणाली, "हे पोट हंडा उचलनार नाही. मी हीर खंदतो."

विहिरीची जागा तिनं ठरवली ती रोहीवरून. रोही म्हणजे नीलगाय. तेव्हा छावणीमागच्या माळावर त्यांचे कळप असत. नर निळसर करडा, मादी मातकट. बोरं, मोहाची फुलं, शेतातलं लाखोळीचं कोवळं पीक, काही वर्ज्य नाही. नावात गाय असली तरी हे जनावर हरणांच्या गोतातलं. भांडताना नर गुडघे टेकतात, ते पाहून आमच्याकडे म्हणत, रोही धरतीला नमस्कार करते. आणखी एक खोड म्हणजे ती पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, तिथं ढीग साचतो. सासूच्या माहेरी त्या ढिगाला ठाणं म्हणत. दुष्काळात त्यांचा कोणी पूर्वज रोहीच्या मागे गेला आणि त्याला झरा सापडला, म्हणून लग्नात देवकापाशी ठाण्यावरच्या लेंड्यांची पुरचुंडी ठेवायचे. माझ्या लग्नातही ठेवली होती. वास आला नाही, एवढंच बरं.

माळावरच्या ठाण्याला लागूनच सासूनं कुदळ मारली. तिथलाच गुराखी सुखराम तिला सांगून थकला की रोही हिवाळ्यात कित्येक दिवस पाण्यावाचून राहते, हिरव्या पाल्यावर तिचं भागतं, तर तिच्या लेंड्यांखाली पाणी कुठून असणार? सासूनं त्याला चहा पाजला आणि ऐकलं काहीच नाही. पहाटे ती स्वतः तळ्याचं पाणी आणायची, कामावरून सुटली की बाबुलालला घेऊन खणायची. दोराला बांधलेल्या घमेल्यानं दोघं माती वर ओढत. पुरुषभर खोल गेल्यावर मुरूम लागला. पाण्याचं नाव नाही. छावणी हसू लागली. मलाही तिचा राग येत होता, कारण माझं पोट वाढत होतं, ती वाळत होती आणि खड्डा कोरडाच होता.

एका सकाळी त्या खड्ड्यात रोही पडलेली दिसली. मादी होती, गाभण. सवयीनं ठाण्यावर आली असेल आणि काठावरून घसरली असेल. एरवी ती कुंपण सहज ओलांडते, पण खाली धाव घ्यायला जागा नव्हती. भिंतीला धडका देऊन तिचे गुडघे सोलले होते. जमलेल्यांपैकी काही जण मटणाच्या गोष्टी करू लागले, काही जण गाय म्हणून हात जोडून उभे राहिले. हात जोडून रोही वर येत नाही.

बाबुलालनं दोर टाकून पाहिला, ती आणखीच बिथरली. सुखराम म्हणाला, एक बाजू फोडून उतार करावा लागेल. बाबुलाल भडकला. इतक्या दिवसांची मेहनत आपल्याच हातांनी मातीत घालायची? सासूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाली रोहीकडे. मग तिनं लुगडं खोचलं आणि काठ फोडायला घेतला.

त्या दिवशी तिनं कामावर खाडा केला. दुपार कलली तेव्हा एक बाजू तिरपी झाली होती. सगळ्यांना मागं सारलं. रोही दोनदा घसरली, तिसऱ्यांदा वर आली आणि माळाकडे निघून गेली.

ढासळलेल्या मातीत सासू बसून राहिली. आता पुरे, बाबुलाल म्हणाला, रोहीला पाणी नाही ठाऊक, पटलं ना?

"पटलं," ती म्हणाली. "तिले पानी नाही लागत. माह्या सुनेले लागते. उद्यापासून पुन्हा खंदतो."

दुसऱ्या दिवशी तिनं दोर घेतलाच नाही. डोक्यावर घमेलं घेऊन ती उतारावरून चढू लागली. रेजांचं हे रोजचंच काम. दोर ओढायला कोणी फिरकलं नव्हतं, पण उतार बघून आधी एक बाई आली, मग तिच्या जावा-नणंदा, मग अर्धी छावणी. पुरुष पहारी-सब्बली घेऊन मुरूम फोडायला उतरले. त्याच उन्हाळ्यात तळाला ओल आली, मग गढूळ पाणी, मग निवळ. माझी लेक त्या पाण्यानं न्हाली. तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना सासू रडली, आणि मीही.

रोहीनं पाणी दाखवलं, असं लोक लगेच म्हणू लागले. शेजारची अंजनाबाई तर हळदकुंकवाचं ताट घेऊन ठाण्याची पूजा करायला निघाली. सासूनं तिला आमच्या दारासमोरच अडवलं आणि झोपडीच्या कोपऱ्यातलं चेपलेलं घमेलं पुढं केलं.

"माती यानं निंगाली," ती म्हणाली. "कुकू याले लाव."