खिळ्यावरचा बिल्ला

बिल्लाकाका कुठल्याही बंद जागेत शिरताना बाहेर आपली खूण लावून जात. भोपाळला कारखान्याच्या वसाहतीत ते आमचे शेजारी. बॉयलरच्या पोटात उतरणाऱ्याने बाहेरच्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला लावायचा. तो लटकतोय तोवर झाकण बंद करायचं नाही. आणि ज्याचा त्यानेच उतरवायचा. कामावरचा हा नियम त्यांनी घरीही आणला. आमच्या अडगळीच्या खोलीत शिरले तरी कडीला बिल्ला.

"काका, इथे कोण कोंडणार तुम्हाला?" आई विचारी.

"वहिनी, कोंडणारा मुद्दाम कोंडतो का कधी?"

गर्दी नको म्हणून बाबांनी एकदा पावसाळा सरता सरता नर्मदेतल्या बेटावरच्या जुन्या मठाची सहल ठरवली. डबे, टॉर्च, सतरंजी माझ्याकडे, काका सोबतीला. मठात आमच्याखेरीज फक्त चौकीदार. शांतता अशी की आम्ही नकळत कुजबुजू लागलो. त्याने तळघरातली गुंफा उघडली. "आखिरी महंतजी यहीं बैठे थे. दरवाजा बंद हुआ, फिर निकले नहीं."

"बंद करवाया, कि किसी ने कर दिया?" काकांनी विचारलं.

काकांनी चौकटीच्या खिळ्याला बिल्ला लावला. "ये टंगा रहे तब तक बंद मत करना."

बाहेर पडताना ते नेहमीसारखे शेवटी. मी वळून पाहिलं, तर दारात अंग चोरून उभे राहून मागच्या रिकाम्या अंधाराला म्हणत होते, "पहले आप निकलिए."

नाव मध्यावर आल्यावर त्यांनी खिसा चाचपला. बिल्ला खिळ्यावरच राहिला होता. पाणी चढत होतं, नावाडी वळेना.

"मी आणून देतो नंतर," बाबा म्हणाले.

"दुसऱ्याने उतरवून चालत नाही हो. म्हणजे नियमाने मी आतच." ते हसले. आम्ही नाही.

कामावर त्यांना नवा बिल्ला मिळाला, पण तो त्यांनी घरी कधी आणला नाही. जेवायला बोलावलं की उंबऱ्यात थांबून राहत, आत यायचं की बाहेर पडायचं हे ठरत नसल्यासारखे. बेटावर जाऊ म्हटलं की म्हणत, "जाईन. एकटाच." ते राहूनच गेलं.

ते वारले त्या वर्षी, तसाच पाऊस ओसरताना, मी आईला घेऊन तिथे गेले. गुंफेचं दार उघडंच. बिल्ला हिरवा पडला होता. चौकीदार आता म्हातारा. "टंगा है, तो बंद कैसे करें?"

मी हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. "ज्याचा त्याने."

आम्ही तिघं आत गेलो, काकांच्या नावाने दिवा लावला, बाहेर आलो. खिळा रिकामा होता.

चौकीदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने दार ओढून घेतलं.